माझी चामखीळ थांबली, बाबांचा हात थांबला नाही

एप्रिल २०२०, कोरोनाच्या लॉकडाऊनमधला एकच आठवडा आणि त्वचेच्या एकाच क्लिनिकमधून आलेले दोन फोन. सोमवारचा माझ्यासाठी होता, की तुमची लेझरची अपॉइंटमेंट रद्द झालीय, पुढची तारीख आत्ता सांगता येत नाही, परिस्थिती निवळली की आम्हीच कळवू. गुरुवारचा बाबांसाठी, की उद्या सकाळी साडेआठला घेऊन या, आत ते एकटेच येतील, तुम्ही गाडीतच थांबा, बायोप्सी करायचीय.

मी अशी भडकले ना. म्हणजे बघा, मी तेव्हा ३४ वर्षांची, धडधाकट, वर्षातून एकदा सर्दी झाली तर झाली. बाबा ७१ चे, डायबेटिस आणि बीपी दोन्ही. जो तो डॉक्टर टीव्हीवर येऊन सांगत होता की वयस्कर माणसांना घराबाहेर काढू नका, आम्ही बाबांना फाटकापर्यंतसुद्धा जाऊ देत नव्हतो, बाहेरून आलेली पिशवी आधी पुसून मगच त्यांच्यासमोर ठेवायचो, आणि हे लोक त्यांनाच बोलावतायत आणि मला घरी बसवतायत? मला खरंच वाटलं की यांच्या याद्यांची अदलाबदल झालीय.

माझी मावसबहीण त्वचारोगतज्ज्ञ आहे, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये, छोट्यामोठ्या सर्जऱ्या करते. रात्री साडेदहाला तिला फोन लावला आणि सगळं एका दमात ओकले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यादी बरोबर आहे गं. मी असते तर मीही काकांनाच बोलावलं असतं आणि तुला नसतंच बोलावलं."

तो फोन दीड तास चालला. नंतर वर्षभर असे बरेच फोन झाले, कधी मी भांडायला केलेले, कधी तिने थकून केलेले. त्यातलं जे लक्षात राहिलं ते लिहितेय. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून कुणी आपली अपॉइंटमेंट पुढे ढकलू नका किंवा डॉक्टरशी भांडायलाही जाऊ नका, आपापल्या डॉक्टरला विचारा.

आधी दोघांचं काय होतं ते सांगते. माझ्या वरच्या ओठाच्या वर, नाकपुडीच्या जरा खाली, एक चामखीळ आणि तिच्या बाजूला दोन पिल्लं. दुखत नाही, खाजत नाही, फक्त आरशात आधी तीच दिसते. ती कार्बन डायऑक्साइड लेझरने जाळून काढायची ठरली होती. बाबांच्या डाव्या हाताला, कोपराच्या खाली, लहानपणी उकळतं पाणी सांडून भाजल्याचा मोठा व्रण आहे. साठ-बासष्ट वर्षांचा जुना, चुरगळलेल्या कागदासारखा. त्यात जानेवारीपासून एक जखम झाली होती, खपली धरायची, निघायची, परत रक्त यायचं. आम्हाला वाटलं शुगर आहे म्हणून भरत नाहीये. व्हिडिओवर त्यांच्या डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या होत्या, किती महिने झाले, कडा उचललेल्या वाटतात का, आणि काखेत हात घालून बघा गाठ लागतेय का. तिसरा प्रश्न ऐकून मला कळायला हवं होतं.

तर ताईचं पहिलं म्हणणं असं, की माझा प्रश्नच चुकला होता. मी विचारत होते की कोरोनाचा धोका कुणाला जास्त. तो प्रश्न आहेच, पण तो दुसरा. पहिला प्रश्न, आज केलं नाही तर तीन महिन्यांनी हे कुठे असेल? माझी चामखीळ तीन महिन्यांनी चामखीळच असेल. बाबांच्या जखमेबद्दल तसं म्हणता येत नव्हतं, कारण जुन्या भाजल्याच्या व्रणात वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. त्याला मार्जोलिनचा अल्सर म्हणतात, झां-निकोला मार्जोलिन नावाच्या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये व्रणात होणाऱ्या अशा जखमांचं वर्णन केलं होतं. भाजल्यापासून कॅन्सर होईपर्यंत सरासरी तीसेक वर्षं जातात, म्हणजे माणूस व्रण विसरूनसुद्धा गेलेला असतो, आणि नेहमीच्या त्वचेच्या कॅन्सरपेक्षा हा जास्त आडदांड असतो, गाठींमध्ये लवकर उतरतो. काखेचा प्रश्न त्यासाठी होता. मी फोन हातात धरून गप्प बसले. ताई म्हणाली, "असेलच असं नाही. पण आहे का नाही ते बघायला थांबायचं नसतं."

हे वाक्य मला नंतर फार उपयोगी पडलं. तेव्हा मोठमोठ्या संस्थांनी त्वचेच्या कॅन्सरचं काय किती थांबू शकतं याची वेळापत्रकंच काढली होती. बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे जो सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात आळशी असतो, तो त्रास देत नसेल तर तीनेक महिने थांबवा. मेलानोमा, म्हणजे तिळासारखा काळा आणि सगळ्यात बदनाम, तोसुद्धा अगदी वरच्या थरातच असेल किंवा १ मिलिमीटरपर्यंतच जाड असेल आणि बायोप्सीत त्याचा बहुतेक भाग निघून आला असेल, तर भोवतालची रुंद कड काढायचं ऑपरेशन तीन महिन्यांपर्यंत लांबवलं तरी चालेल, असं अमेरिकेतल्या एनसीसीएनने, म्हणजे कॅन्सर हॉस्पिटलांच्या तिथल्या मोठ्या संघटनेने म्हटलं होतं. एका मिलिमीटरवर एवढं सगळं. ही जाडी मोजायची पद्धत ॲलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये मांडली आणि मायक्रोस्कोपखाली मोजलेला तो आकडा अजूनही त्याच्याच नावाने ओळखतात. आणि दुसऱ्या टोकाला मर्केल सेल कार्सिनोमासारखे कॅन्सर, किंवा आठवड्या-आठवड्याला वाढताना दिसणारी गाठ, ती कुठलीही महामारी असो, थांबत नाही.

पण यातली मेख कळली का? हे सगळे महिने माहीत असायला तो कुठला कॅन्सर आहे ते आधी माहीत पाहिजे, आणि ते बायोप्सीशिवाय कळत नाही. म्हणजे मोठं ऑपरेशन पुढे ढकलता येतं पण छोटी बायोप्सी ढकलता येत नाही. मला आधी उलटंच वाटायचं, की बायोप्सी काय नुसती तपासणी, ती तर आधी रद्द करतील. ताई म्हणाली घड्याळ किती वाजलेत तेच बघितलं नाही तर अजून वेळ आहे असं कुठल्या तोंडाने सांगणार.

आता दुसरा प्रश्न, करायला घेतलं तर कुणाकुणाला काय होऊ शकतं. इथे मात्र "कुणाकुणाला" महत्त्वाचं, कारण एरवी चामखीळ काढताना धोका असला तर माझा, मी सही करते, विषय संपला. त्या वर्षी तसं नव्हतं. धोका माझा, डॉक्टरचा, नर्सचा, खोली पुसणाऱ्या बाईंचा, आणि माझ्यानंतर त्या खोलीत येणाऱ्या अनोळखी माणसाचा, ज्याने कुठेच सही केलेली नाही.

माझी केस या हिशोबात इतकी वाईट होती की ऐकून मलाच हसू आलं. एक म्हणजे जागा. ओठाच्या वर, म्हणजे मास्क काढल्याशिवाय कामच नाही. डॉक्टरचं तोंड माझ्या तोंडापासून फूटभरावर, वीसेक मिनिटं, त्यात नाकाखाली भुलीचं इंजेक्शन टोचल्यावर डोळ्यात पाणी येतं, शिंक येते, ती नेमकी त्यांच्याच तोंडावर. दुसरं म्हणजे धूर. लेझरने किंवा कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या सुईने, कातडी जाळली की धूर होतो (वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको), आणि त्यातले कण फार बारीक असतात, कॉटरीच्या धुरातले सरासरी ०.०७ मायक्रॉन, लेझरच्या धुरातले ०.३ च्या आसपास, म्हणजे साधा सर्जिकल मास्क त्यांच्यापुढे जवळपास जाळीचं दार. आणि चामखीळ स्वतःच मुळात एका विषाणूने होते, एचपीव्हीने. चामखीळ लेझरने जाळताना निघालेल्या वाफेत त्या विषाणूचा डीएनए सापडल्याचं १९८८ मध्येच छापून आलेलं आहे. म्हणून धूर ओढणारी नळी जखमेपासून पाच सेंटिमीटरच्या आत धरायची आणि एन९५ घालायचा, हा नियम कोरोनाच्या कितीतरी आधीचा. "पाळत होतो का आम्ही? सगळे नाही," ताई म्हणाली, "महामारीने आमचीच शिळी कढी ऊतू आणली."

मी विचारलं, पण लेझरच्या धुरातून कोरोना पसरतो असं सिद्ध झालंय का? ती म्हणाली नाही, कुणीच सिद्ध केलेलं नाही. मग? मग हेच की माहीत नसताना काय करायचं ते कशासाठी करतोय त्यावरून ठरतं. कॅन्सर काढायचा असेल तर माहीत नसलेला धोका घेऊ, नळी आणि एन९५ लावून. चामखीळ काढायला नाही घेणार. मला हे पटलं, म्हणजे तेव्हा नाही, तेव्हा मी म्हटलं होतं की हे तर सोयीचं उत्तर झालं, पण नंतर पटलं.

बाबांची केस या बाजूने बघितली तर जवळजवळ आदर्श. हातावरची जखम, मास्क नाकावर जसाच्या तसा राहतो, हात बाजूला पसरून ठेवायचा, डॉक्टर त्यांच्या तोंडापासून लांब. जागेवरच भूल. चार मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे गोल पात्याच्या छोट्या हत्याराने, जखमेच्या कडेवरून दोन तुकडे घ्यायचे, जाळणं नाही, धूर नाही, वर एक-दोन टाके, पंधरा मिनिटांत बाहेर. म्हणजे ७१ वर्षं आणि डायबेटिस हा धोका खरा, पण तो होता वाटेतला आणि वेटिंग रूममधला, प्रोसिजरचा नव्हता, आणि वाटेतला धोका कमी करता येतो. म्हणूनच सकाळचा पहिला नंबर, म्हणूनच एकटे आत, म्हणूनच आम्ही गाडीत. मला ते "एकटेच आत" फार निर्दयी वाटलं होतं, त्यात एवढा हिशोब असेल असं वाटलं नव्हतं.

सगळ्यात डोक्यात बसलेली गोष्ट हवेची. माझा अडाणी प्रश्न असा होता, की अहो तुम्ही घरीच बसलायत, ओपीडी रिकामी आहे, मग वेळच वेळ असेल, घ्या ना चामखिळीपण. तर नाही. वेळ होता, हवा नव्हती. खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते यावर सगळं अडलेलं. अमेरिकेतल्या सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, एक तक्ता आहे, तासाला १२ वेळा हवा बदलत असेल तर तरंगणारे ९९ टक्के कण जायला २३ मिनिटं लागतात, ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं, आणि २ वेळाच बदलत असेल तर १३८. आणि हेही हवा खोलीभर नीट खेळती असेल, फर्निचरच्या कोपऱ्यात अडकत नसेल असं धरून. आता त्वचेच्या क्लिनिकमधली प्रोसिजर रूम कशी असते, चारी बाजूंनी बंद, खिडकी नाहीच किंवा असली तर पडदा लावून सील केलेली, एसी तीच हवा गोल गोल फिरवणारा. ताईच्या हॉस्पिटलमधली खोली ६ वेळावाली निघाली. म्हणजे दहा मिनिटांची लेझर आणि नंतर पाऊण तास खोली बंद, मग पुसणं, मग पुढचा पेशंट. पूर्वी जिथे दिवसाला वीस-बावीस व्हायचे तिथे सात. आता या सातांत कोण, हा प्रश्न झाला. माझी चामखीळ आत गेली असती तर कुणाची तरी बायोप्सी बाहेर राहिली असती, आणि ते मला कधी कळलंही नसतं.

मग मी हुशारी केली, म्हटलं मी टेस्ट करून येते, निगेटिव्ह आली की झालं. तिने मला मे महिन्यात आलेल्या एका विश्लेषणातले आकडे पाठवले, लागण झाल्यावर चौथ्या दिवशी आरटीपीसीआर केली तर ६७ टक्के वेळा खोटी निगेटिव्ह येण्याची शक्यता, लक्षणं सुरू होतात त्या दिवशी ३८ टक्के, आणि सगळ्यात कमी म्हणजे आठव्या दिवशी, तेव्हाही २० टक्के. आणि माणूस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच दुसऱ्याला देऊ शकतो, म्हणजे नेमक्या ज्या दिवसांत तो बिनधास्त फिरतो त्याच दिवसांत टेस्ट त्याला पकडेलच असं नाही. टेस्ट उपयोगाची, पण ती दाराची किल्ली नाही, असं काहीतरी ती म्हणाली होती.

मोठ्या ऑपरेशनचं गणित अजून वेगळं. त्याच मेमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात २४ देशांतल्या ११२८ पेशंटचा अभ्यास आला, ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झालेल्यांचा, त्यात ३० दिवसांत २३.८ टक्के लोक दगावले होते आणि निम्म्याहून जास्त जणांना फुप्फुसाचा त्रास झाला होता. हे वाचून मी गारठलेच, कारण तोवर बाबांचा रिपोर्ट आला होता, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सरच, आणि तो व्रणातूनच, आणि आता खरं ऑपरेशन करायचं होतं. ताईने समजावलं की त्या अभ्यासातली बहुतेक ऑपरेशनं मोठी, पूर्ण भूल देऊन, घशात नळी घालून केलेली. त्वचेचं ऑपरेशन जितकं जागेवरच्या भुलीत होईल तितकं फुप्फुसाला कुणी हात लावत नाही. म्हणून बाबांना हाताला ब्लॉक दिला, म्हणजे फक्त हात बधिर करणारी भूल, मांडीवरून कातडी घ्यायला तिथे लोकल भूल, आणि व्रणासकट आजूबाजूची चांगली कातडीही काढून वर मांडीची लावली. पूर्ण भूल द्यावी लागली असती तर कदाचित तारीख पुढे गेली असती, मला माहीत नाही, आणि मी तो विचार फार करतही नाही. (२०२१ मध्ये याच लोकांचा ११६ देशांतल्या १,४०,२३१ पेशंटचा अभ्यास आला, त्यावरून कोरोना झाल्यावर शक्य असेल तर सात आठवडे तरी ऑपरेशन थांबवावं असं ठरलं. पण एप्रिल-मे २०२० मध्ये हे कुणाच्याच हातात नव्हतं, लोक अंधारात जिना उतरत होते.)

बाबांना टाके विरघळणारे घातले, बायोप्सीलाही आणि जिथे जिथे चालेल तिथे ऑपरेशनलाही. एरवी चेहऱ्याचे टाके पाच-सात दिवसांत आणि अंगावरचे दहा-चौदा दिवसांत काढायला बोलावतात, ती एक फेरी वाचावी म्हणून. किती साधी गोष्ट! ड्रेसिंग कसं बदलायचं ते व्हिडिओवर, मी फोन धरला आणि आईने केलं, आईचे हात माझ्यापेक्षा स्थिर. बाबांचा किस्सा असा की फेस शील्ड, मास्क, गाउन, टोपी या सगळ्यामुळे आपल्याला कापणारा डॉक्टर कसा दिसतो हे त्यांनी बघितलंच नव्हतं, पुढच्या वर्षी तपासणीला गेले तेव्हा लिफ्टमध्ये त्यांच्याच शेजारी उभे होते आणि ओळखलं नाही.

हां, मास्कवरून आठवलं, ताईने एकदा ड्यूटी संपल्यावरचा फोटो पाठवला होता, नाकाच्या हाडावर कातडी सोललेली, गालांवर दोन लाल रेघा. चीनमधल्या हूबे प्रांतातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या एका पाहणीत ९७ टक्के जणांच्या त्वचेला अशी इजा झालेली होती. त्वचेच्या डॉक्टरलाच त्वचारोग, आम्ही हसलो, ती नाही हसली.

त्या काळात निर्णय घ्यायला गुणपत्रिकाही निघाल्या होत्या. शिकागो विद्यापीठातल्या सर्जन लोकांनी एक केली, २१ मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे कमीत कमी २१ आणि जास्तीत जास्त १०५, गुण जितके जास्त तितकं ऑपरेशन आत्ता नको. प्रोसिजरचे मुद्दे वेगळे, आजाराचे वेगळे, पेशंटचे वेगळे. ती सगळ्या सर्जरीसाठी होती, त्वचेसाठी खास नाही, पण ताईच्या विभागाने तिच्यावरून आपली छोटी यादी बनवली. मला आधी वाटलं माणसाची काय गुणपत्रिका करता. पण ती म्हणाली याचा खरा फायदा गणितात नव्हताच, वशिल्यात होता. अमुकचा फोन, तमुकची ओळख, माझ्या बायकोचं बोटॉक्स राहिलंय, मुलीचं लग्न ठरलंय तर तेवढा चेहरा करून द्या, असे फोन लॉकडाऊनमध्येसुद्धा येत होते बरं का, आणि समोर कागद असला की "माझ्या हातात नाही" हे खरं बोलता येतं. मला वाटतं डॉक्टरांना नियम पेशंटसाठी लागतात त्यापेक्षा जास्त ओळखीच्या लोकांसाठी लागतात.

काही गोष्टींना गुणपत्रिकाच लागत नाही. पू भरून टरारलेलं गळू, ते फोडायचंच. अंगभर फोड आणि तोंडात व्रण, तिथे बायोप्सी त्याच दिवशी. कातडीखालून झपाट्याने पसरणारं, कातडी काळीनिळी पडणारं इन्फेक्शन, तिथे तासांचा हिशोब. आणि दुसऱ्या टोकाला बोटॉक्स, फिलर, केस लावणं (त्यात तर सहा-आठ तास एकाच खोलीत), माझी चामखीळ. दोन्ही टोकं सोपी.

अवघड मधलं. कोड असलेली मुलगी आठवड्यातून दोन-तीनदा लाइटच्या कॅबिनमध्ये उभी राहायला यायची, ३११ नॅनोमीटरचे किरण, आठ महिने येऊन कपाळावर कुठे जरा रंग भरायला लागला होता. कॅबिन बंद. तिचा जीव जात नाही, कॅन्सर होत नाही, तीन महिन्यांनी "कुठे असेल" तर फार काही वाईट नाही असं कागदावर उत्तर येतं, पण तिचा रंग परत जातो आणि तिला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. काखेत, जांघेत परत परत गळवं होणारे, बसता न येणारे लोक. सोरायसिसने हात फुटून कामावरून काढलेले. ताई म्हणायची यांच्यापुढे तिला सगळ्यात लाज वाटायची, कारण हे लोक भांडत नाहीत. "अत्यावश्यक नाही" हा शब्द कुणी काढला माहीत नाही, पण तो चामखिळीला आणि या मुलीला एकाच खोक्यात टाकतो, आणि माझ्या मते तो चुकीचा खोका होता. काही ठिकाणी या लोकांना घरी वापरायचे लाइट दिले, काहींच्या गोळ्या बदलल्या, काहींना काहीच नाही.

आता माझी तक्रार, कारण ब्लॉग माझा आहे. मला थांबवलं ते बरोबरच केलं, हे मी आता शपथेवर सांगीन. पण "आम्हीच कळवू" म्हणाले त्यांनी कधीच कळवलं नाही. अकरा महिन्यांनी मीच फोन केला तर रिसेप्शनवर माझं नाव कुठेच नव्हतं, रद्द केलेल्या अपॉइंटमेंट कॉम्प्युटरमधून पुसल्याच गेल्या होत्या. चामखिळीचं ठीक आहे, (तोवर दोन पिल्लांतलं एक आपोआप गेलं होतं, चामखिळी जातात कधीकधी, राहिलेल्या दोन पुढे लस घेतल्यावर काढल्या), पण माझ्याबरोबर त्या सोमवारी अजून कुणाकुणाला फोन गेले असतील? त्यातल्या सगळ्यांच्या चामखिळीच होत्या का? पुढे ढकलणं हा पण उपचाराचाच निर्णय असेल तर त्याला तारीख नको? औषध देताना किती दिवस घ्यायचं ते लिहिता, मग थांबायला सांगताना किती दिवस ते का नाही लिहीत? नाहीतर ते नुसतं भिजत घोंगडं. आणि हे एकट्या माझ्या क्लिनिकचं रडगाणं नाही, नेदरलँड्समध्ये २०२० च्या सुरुवातीच्या त्या आठवड्यांत कॅन्सरची नवी निदानं एकदम घटली, आणि सगळ्यात जास्त घट त्वचेच्या कॅन्सरमध्ये. कॅन्सर काही रजेवर गेला नव्हता, लोक दाखवायला आले नव्हते, किंवा आलेल्यांना नंतर या म्हटलं होतं.

हे मी ताईला तावातावाने ऐकवलं तेव्हा तिने काही न बोलता कॅमेरा फिरवला आणि टेबलावरची एक वही दाखवली. साधी रेघांची वही. थांबवलेल्या प्रत्येक पेशंटला एक ओळ, नाव, काय आहे, कुठे आहे, आणि शेवटच्या रकान्यात लाल पेनने "उशिरात उशिरा" आणि तारीख. दर शुक्रवारी दुपारी ती आणि तिची रेसिडेंट बसून त्या आठवड्याच्या तारखांना फोन लावायच्या. आले की ओळीवर काट. पानंच्या पानं काट मारलेली होती.

मग तिने एका पानावर बोट ठेवलं, तिथे काट नव्हती. तळपायावरचा काळा डाग, फोनवर आलेला फोटो, त्यात अर्धी सावली आणि हललेला. बूट लागून रक्त साकळल्यासारखं वाटलं म्हणून तिने तीन आठवडे थांबून दुसरा फोटो पाठवा म्हटलं होतं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत मेलानोमा झाला तर तो जास्त करून तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, हे तिला तेव्हाही माहीत होतं, आणि म्हणूनच तीनच आठवडे दिले होते. दुसरा फोटो आला नाही. त्या ओळीपुढे बारीक अक्षरात शुक्रवारच्या तारखा होत्या, एकाखाली एक, जागा संपली म्हणून समासात चढलेल्या, आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द, "बंद".

परवा आमच्याकडे आली होती तेव्हा मी सहज विचारलं, ती वही टाकलीस का गं. म्हणाली नाही, कपाटात आहे, आणि तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा तरी लागतो.